नऊ नंबरचं वर्षश्राद्ध

"बाळ कुठाय?" मी विचारलं. माझ्या एका हातात झबलं-टोपडं होतं आणि दुसऱ्या हातात लाकडी खुळखुळा.

"ते काय, वर," म्हणत ठकूमावशींनी जाळीपलीकडच्या फळीकडे बोट केलं.

फळीवर एक लाल तोंडाची माकडीण बसली होती. तिच्या पोटाला तिचं बारा दिवसांचं पिल्लू चिकटलं होतं. पिल्लानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. निवृत्तीला आलेल्या मामलेदाराचं असावं तसं सुरकुतलेलं तोंड आणि त्याला दोन मोठे कान.

नोकरीला लागून मला सहाच दिवस झाले होते. परभणीहून पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी साताऱ्याच्या पूर्वेकडच्या या दुष्काळी माळावर आले होते. इथल्या संस्थेत माकडांची पैदास व्हायची आणि ती माकडं मुंबईच्या प्रयोगशाळेत लशींच्या तपासणीसाठी जायची. आदल्या दिवशी मावशी म्हणाल्या, "उद्या बारसं हाय, यायचंच बरं का." मावशी माकडांचा सैपाक करायच्या आणि त्यांचे यजमान बिरूमामा मदने संस्थेचे मुख्य राखणदार. नवरा मामा आणि बायको मावशी हे नातं कसं बसतं ते संस्थेत कुणी विचारलं नव्हतं. मीही बारसं कुणाचं ते विचारलं नाही. मावशींना नात झाली असणार असं धरून सरळ बाजार गाठला.

मावशींनी झबलं उलगडून बघितलं. "लई मोठं हुतंय. टोपडं बसंल पर."

"मावशी, मला वाटलं..."

"आवो, वाटू द्या की. झबलं आणलं म्हंजी आत्या तुमीच. चला, नाव घ्या."

"मी?"

"आत्याबिगर बारसं हुतंय व्हय?" पलीकडून बिरूमामा म्हणाले. डोक्याला पटका, खाकी गणवेश आणि हातात घुगऱ्यांची पाटी. "पिल्लू आईपासनं सोडवायचं न्हाई. हितनंच वरडायचं. नाव लोणंद."

"लोणंद हे गावाचं नाव आहे, मामा."

"मग? त्याची आई दहिवडी, थोरली भन मायणी, मावशी म्हसवड. उंबराचं देवक हाय ह्यांचं. उंबराला गावांची नावं, रुईला भाज्यांची, कळंबाला दागिन्यांची. तिकडं ती चाकवत. ती बुगडी. देवक एक असलं की लगीन न्हाई. मानसात न्हाई, मग माकडात कसं चालंल?"

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. पदवीचं भेंडोळं अजून कोरं करकरीत होतं. त्या भर दुपारी जाळीला तोंड लावून मी "कुर्र्र... लोणंद!" असं ओरडले आणि सहा जाळ्यांतली बासष्ट माकडं एका दमात माझ्याकडे बघायला लागली. आयुष्यात कुणी माझ्याकडे इतक्या लक्षपूर्वक पाहिलं नव्हतं.

घुगऱ्या वाटताना कोपऱ्यातून एक म्हातारी माकडीण लंगडत आली. डावा पाय फरफटत होता. इतर माकडांनी तिला वाट करून दिली. तिनं पाटीतून मूठभर घुगऱ्या घेतल्या, थोड्या दहिवडीपुढे टाकल्या आणि उरलेल्या निवांत खात बसली.

"ही कोण?"

"ही आक्का," मामा म्हणाले. "पैल्या गाडीतनं आली, उत्तरंकडनं. आई ठावं न्हाई, देवक ठावं न्हाई. म्हनून समद्यांची आक्का."

संस्थेचे संचालक डॉ. टिपणीस यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. टिपणीससाहेब माणूस सज्जन, पण रोज टाय लावायचे. त्या माळावर शेळ्या आणि बाभळी सोडल्या तर टाय बघायला कुणी नव्हतं, तरी लावायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "डॉक्टर बिरादार, एक लक्षात ठेवा. माकडाला नाव दिलं की शास्त्र संपतं आणि कीर्तन सुरू होतं. इथं फक्त नंबर."

मी मान डोलावली. मी तेव्हा सगळ्यालाच मान डोलवायचे, कारण नोकरी वर्षभर कच्ची होती.

ऑक्टोबरात साहेबांनी मला बोलावलं तेव्हा ते उभेच होते. आनंदानं त्यांना बसवत नव्हतं.

"बासष्टची तीनशे!" ते म्हणाले. "दिल्लीनं तत्त्वतः मान्य केलंय. आता शुक्रवारी समिती येणार, पाहणी करणार आणि शिक्का मारणार. अध्यक्ष डॉ. कामेरकरबाई. फार कडक आहेत. त्यांना दोनच गोष्टी लागतात. प्रत्येक जनावराचा नंबर आणि त्याच्या आईचा नंबर. भावाबहिणीची पैदास झाली की वाण बिघडतं, प्रयोगाला निरुपयोगी. आपल्याकडे सगळं नोंदलेलं आहे, छातीवर गोंदलेलं आहे. तुम्ही फक्त एकदा ताडून बघा."

"हो, सर."

"आणि ही यादी. तीन वर्षांत न व्यालेली मादी पैदाशीच्या कळपात ठेवायची नाही, असा नवा नियम आहे. शनिवारी गाडी येईल. तुमची सही लागेल."

यादीत एकच नंबर होता. नऊ. शेरा होता, 'वृद्ध मादी, डाव्या पायात व्यंग.'

प्रयोगशाळेत गेलेलं माकड परत येत नसे. त्या कामाला मी वाईट म्हणत नव्हते, आजही म्हणत नाही. माझा धाकटा भाऊ पोलिओनं लंगडतो. लस कशासाठी असते ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. पण बाहेर येताना यादीची चौघडी करून मुठीत धरली होती, हे खरं.

बिरूमामांनी कागद न वाचताच ओळखलं. "आक्का हाय न्हवं यादीत?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचं तोंड दिसतंय की. बाई, आक्काचं तेवढं बगा."

"मामा, माझ्या हातात काय आहे? नियम आहे."

"सही तुमच्याच हातात हाय म्हनत्यात."

मी विषय बदलला. नंबर ताडून बघायचे आहेत म्हटलं. त्यावर मामांनी पटका सोडला, डोकं खाजवलं आणि पुन्हा बांधला. हे लक्षण ठीक नव्हतं.

"नंबर न्हाईत," ते म्हणाले.

"नाहीत म्हणजे?"

"धुवून गेलं. गोंदायची शाई आली व्हती ना, ती सगळ्यात सस्त्यातली. पैल्या सालात निळी, दुसऱ्या सालात राखी, तिसऱ्या सालात छातीच."

"सगळ्यांचे?"

"समद्यांचे."

"अहो, पण साहेब दर महिन्याला येतात, वहीत खुणा करतात!"

"सायेब लांबनं इचारत्यात, हा कितवा? आमी म्हनतो चोवीस. मग तो? तो पंचवीस. सायेब खूश, आमी बी खूश."

"आणि नराला या जाळीतून त्या जाळीत न्या असा तक्ता आला की?"

"त्यात बी काय न्हाई. सायबानी 'चोवीस दोन नंबरच्या वाघरीत न्या' म्हनलं की आमी चोवीस नेतो. कुटला चोवीस ते सायबानी कुटं सांगितलंय?" मेंढरं रात्री बसवायच्या जाळीला धनगर वाघर म्हणतात. मामांची मेंढरं बहात्तर साली गेली आणि ते इथं लागले, पण जाळीचा शब्द सोबत घेऊन आले होते. "फलटणला दोनात घाला म्हनत व्हतं. दोनात म्हसवड, त्याची सख्खी भन! आमी तितं तोड्याला घातला. कळंब आन उंबर, सोयरीक झ्याक जमली."

एकूण संस्थेची वही म्हणजे शुद्ध कादंबरी होती आणि माकडांची लग्नं मात्र पंचांगाला धरून चालली होती. शुक्रवार चार दिवसांवर होता.

"मामा," मी म्हणाले, "तुम्हाला सगळ्यांच्या आया पाठ आहेत?"

"आया, आज्या, पणज्या. तुमी लिवनार का?"

तीन दिवस मी लिहीत होते. बैलावर बसून गावोगाव हिंडणारे हेळवी येतात आणि सात पिढ्यांची नावं धडाधडा म्हणून दाखवतात, तसं मामा भिंतीला टेकून, डोळे मिटून सांगायचे आणि ठकूमावशी भाकरी थापता थापता चुका काढायच्या.

"चाकवतीची थोरली अंबाडी, अंबाडीची घोळ..."

"मधी एक तांदूळजा व्हता," मावशी ओरडायच्या. "सापानं खाल्लेला."

"तो मेलेला न्हवं का?"

"मेला म्हून काय आईनं जल्मच दिला न्हाई व्हय?"

मी तांदूळजा लिहिला. प्रत्येकाला नवा नंबर दिला, नंबरापुढे आईचा नंबर आणि शेजारी पेन्सिलीनं नाव आणि देवक. नियमच असला तर नंतर खोडता येईल म्हणून पेन्सिल. बुधवारी संध्याकाळी जिवंतांच्या एकसष्ट नोंदी झाल्या. बासष्टावी आक्का. मामा डोळे मिटून थांबले होते.

"हिला काय लिवता?"

"नऊच लिहावं लागेल. यादीत नऊ आहे, वय आणि लंगडा पाय लिहिलाय, ती दुसरी कुणी असूच शकत नाही."

"मग ऱ्हाऊ द्या लिवायची. शुक्रवार तर हुं द्या."

मी ओळ कोरी ठेवली. भित्र्या माणसाला एवढीच बंडखोरी जमते.

शुक्रवारी कामेरकरबाई आल्या. साठीच्या, पांढऱ्या केसांचा बॉबकट, खादीची साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. सोबत दोन सदस्य होते, त्यांचं काम चहा घेणं आणि मान हलवणं. बाई मूळच्या गिरगावातल्या. बोलायच्या इंग्रजीत, रागावल्या की मराठीवर यायच्या. आल्या आल्याच मराठीत बोलत होत्या, कारण रस्त्यात जीप दोनदा बंद पडली होती.

"वही नंतर," त्या म्हणाल्या. "आधी जनावर. मला सत्तावीस नंबर दाखवा."

"सत्तावीस!" टिपणीससाहेबांनी मामांना फर्मावलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे. मामांनी हाक मारली, "म्हसवड, ये गं!" म्हसवड आली. एक भिंत पुढे सरकणारा पिंजरा होता, त्यात ती शेंगदाण्याच्या आशेनं आपणहून शिरली. बाईंनी चष्मा चढवला, वाकून छाती बघितली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितली.

"इथं तर काही नाही."

"नाही कसं?" साहेब वाकले. त्यांच्या तोंडावरचा रंग त्या शाईसारखाच उतरत गेला. आधी निळा, मग राखी.

"तुम्ही सत्तावीस कशावरून म्हणालात?" बाईंनी मामांना विचारलं.

"मी न्हाई म्हनलो, बाई. सत्तावीस कोन ते आमाला ठावं न्हाई. ही म्हसवड."

"टिपणीस," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि त्यांनी हातातली फाइल बंद केली. फाइल बंद होण्याचा आवाज इतका मोठा असतो हे मला ठाऊक नव्हतं. "तुम्हाला तीनशे जनावरं हवीत. आहेत ती बासष्ट कोण आहेत ते तुम्हाला माहीत नाही."

माझे पाय आपोआप पुढे गेले. धैर्य वगैरे काही नव्हतं. तीन दिवस रात्रंदिवस घासून लिहिलेली वही वाया चालली, एवढंच मनात होतं. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी चार पानं उलटली, बोट खाली खाली नेलं.

"आईकडून पाच पिढ्या? हे कुणी केलं?"

"लिहिलं मी. सांगितलं मामांनी."

"आणि पुरावा?"

"पोराला रडवा की, बाई," मामा म्हणाले. "कुटलंबी दावा. आदी कोन ईल, मागनं कोन ईल, मी आधुगर सांगतो. खोटं निगालं तर गनवेस उतरून ठिवतो."

बाईंच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली. त्यांनी फळीवरच्या एका पिल्लाकडे बोट केलं. नेमका माझा भाचा, लोणंद.

"लोणंद. आदी आई ईल, दहिवडी. मागनं थोरली भन, मायणी. शेवटाला आक्का."

"आक्का याची कोण?"

"कुनी न्हाई. आक्का समद्यांसाठी येती."

ठकूमावशी आत गेल्या आणि त्यांनी लोणंदला गोणपाटात अलगद धरलं. लोणंदनं जी किंकाळी ठोकली ती फलटणपर्यंत गेली असेल. माकड फलटण नव्हे, गाव फलटण. दहिवडी दात विचकत धावली. मागोमाग मायणी. दोघी मावशींच्या गोणपाटाला भिडल्या. मग कोपऱ्यातून पाय फरफटवत आक्का निघाली. ती मावशींकडे गेलीच नाही. तिनं एकवार सगळ्यांना न्याहाळलं, यातला मुख्य माणूस कोण ते ठरवलं आणि जाळीतून हात बाहेर काढून टिपणीससाहेबांचा टाय धरला.

साहेब समजावून सांगायला जाळीला खेटून उभे होते. त्यांचं नाक जाळीला लागलं.

"सोडा! सोडा!"

"कुनाला, सायेब?" मामांनी अदबीनं विचारलं.

"पिल्लाला! पिल्लाला सोडा!"

मावशींनी लोणंदला खाली ठेवलं. तो आईच्या पोटाखाली शिरला. आक्कानं वळून खात्री करून घेतली आणि टाय सोडला.

"असं हाय तिचं," मामा म्हणाले. "पिल्लू सोडलं की सोडती."

कामेरकरबाई पदर तोंडाला लावून खोकत होत्या. तो खोकला नव्हता. दोन्ही सदस्य पहिल्यांदाच चहाविना जागे झालेले दिसले. बाईंनी त्याच जाळीतली आणखी दोन पिल्लं निवडली, एक भाजीकडचं, एक दागिन्यांकडचं. मामांनी सांगितलं त्याच क्रमानं आया आणि बहिणी आल्या आणि शेवटी आक्का. एकही चूक नाही. साहेबांनी टाय खिशात ठेवला होता.

"वंश खात्रीचा आहे," बाई म्हणाल्या. "नंबर पुन्हा गोंदा, चांगल्या शाईनं. मी होकार लिहिते." मग त्यांनी चष्म्यावरून कागद बघितला. "उद्याच्या गाडीच्या यादीत एक आहे. नऊ नंबर. नऊ नंबर कुठे आहे?"

साहेब माझ्याकडे बघत होते, मामा जमिनीकडे. आक्का शेंगदाणा सोलत होती.

"नऊ नंबर वारली, मॅडम," मी म्हणाले. "मागच्या वर्षी. मीच शवविच्छेदन केलं."

"तुम्ही?"

"हो."

"तुमची नेमणूक कधीची?"

"जूनची," साहेब नेहमीच्या सवयीनं पटकन बोलून गेले.

"यंदाच्या?"

"यंदाच्या."

आक्का शेंगदाणा चावत असल्याचा आवाज स्वच्छ येत होता. एवढ्यात ठकूमावशी पदर खोचून पुढे आल्या.

"आमी सुतक धरलं व्हतं, बाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दहा दिस भाजीला फोडनी न्हाई दिली. लई गुनाची व्हती."

"अस्सं. मग ही कोण?" बाईंनी आक्काकडे बोट केलं. प्रश्न मामांना होता. माझा जीव टांगणीला लागला, कारण नातं-गोतं विचारलं की मामा खोटं बोलायचे नाहीत. फलटणची सोयरीक बदलल्याचंसुद्धा माझ्यापासून लपवलं नव्हतं त्यांनी.

"ही आक्का."

"नंबर?"

"नंबर न्हाई."

"आई?"

"ठावं न्हाई."

"देवक?"

"त्ये बी न्हाई."

शब्द न् शब्द खरा. बाईंनी पेन काढलं.

"नंबर नाही, आई नाही. म्हणजे कागदावर ही नाहीच. टिपणीस, नसलेलं जनावर गाडीत कसं चढवणार?" त्यांनी यादीवर 'मृत' असं लिहिलं. जीपमध्ये चढताना मला जवळ बोलावून म्हणाल्या, "पोरी, खोटं बोलायची सवय लावून घेऊ नकोस. तुला ते जमत नाही."

शनिवारी गाडी रिकामी गेली. सोमवारी मामा माझ्या खोलीत येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी मागल्या वर्सी मेली म्हनला. म्हंजी वरीसश्राद घालाय पायजे."

"मामा, ती जिवंत आहे!"

"कागदावर न्हाई की. सरकारी कागद खोटा पडला तर तुमची नोकरी जाईल. श्राद घातलं की चार मानसं साक्षीला ऱ्हात्यात."

पुढच्या रविवारी मावशींनी पुरण घातलं. पान वाढलं, उदबत्ती लावली आणि पान जाळीपाशी ठेवलं. कावळा येण्याआधीच आक्का आली. तिनं स्वतःच्या श्राद्धाचं पान बसून, चवीनं, शेवटच्या शितापर्यंत संपवलं. इतका तृप्त पितर मी पाहिला नाही.

नेमके तेव्हाच टिपणीससाहेब फाटकातून आत आले. रविवार असूनही टाय होता. सगळे ताठ उभे राहिले.

"कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"नऊ नंबरचं, सायेब," मामा म्हणाले.

साहेबांनी पानाकडे पाहिलं, आक्काकडे पाहिलं. आक्कानं टायकडे पाहिलं. साहेब एक पाऊल मागे सरले.

"गुणी होती," ते गंभीरपणे म्हणाले, आणि पाटावर बसून तीन पुरणपोळ्या खाऊन गेले. जाताना चौथी आक्कापुढे टाकली. त्या दिवसापासून मी त्यांना टायवरून हसायचं सोडलं.

मेलेल्या माकडाला शिधा मिळत नाही, म्हणून आक्काची भाकरी मावशींच्या घरून यायची. नोकरी पक्की झाल्याचं पत्र मला पुढच्या जूनमध्ये आलं. माळावर वीस नव्या जाळ्या उभ्या राहिल्या. नवी शाई आली, ती पक्की होती. उत्तरेकडून नवी माकडं आली, त्यांना नंबर होते. मामा त्यांची नावं ठेवत नव्हते. मी एकदा विचारलं, तर मावशीच म्हणाल्या, "एवढ्यांना घुगऱ्या कुटनं पुरवायच्या?"

बारशानंतर दीड वर्ष झालं असेल, तेव्हा वाढवलेल्या वसाहतीतून मुंबईला पहिली गाडी निघाली. चोवीस माकडं मागितली होती आणि पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, 'वंश खात्रीचा असलेलीच पाठवावीत.' वंश खात्रीचा फक्त जुन्यांचा होता. माझी वही काढून साहेबांनी नंबरांवर खुणा केल्या. पेन्सिलीची नावं अजून तशीच होती. मी खाली सही केली.

सकाळी दहाला लाकडी खोकी गाडीपाशी मांडली. मामा खोक्यांवरून हात फिरवत एकेक नाव पुटपुटत होते.

"तुमच्या पोथीवरनंच निवडली म्हना की."

"हो, मामा."

"मग पोथी झ्याक झाली." त्यात टोमणा नव्हता. मामांना टोमणे मारता येत नसत. मग त्यांनी विचारलं, "बाई, ह्यांचं बी तसं लिवता येतंय का? मेली म्हनून?"

"नाही, मामा."

"न्हाई, आपलं इचारलं."

तेवढ्यात तेराव्या खोक्यातून किंकाळी आली. ती मला ओळखू आली, कारण ज्याच्यासाठी मी टोपडं आणलं होतं, त्याचाच तो आवाज समितीपुढे फलटणपर्यंत गेला होता. जाळीवर आधी दहिवडी आदळली. मग मायणी. मी पाठमोरी उभी राहून कागद चाळत होते. कागदांवर बघण्यासारखं काही नव्हतं.

मग माझ्या अॅप्रनला मागून ओढ बसली.

वळून बघितलं तर जाळीतून एक सुरकुतलेला हात बाहेर आला होता आणि त्यानं माझा पांढरा अॅप्रन मुठीत धरला होता. यातला मुख्य माणूस कोण ते आक्कानं याही वेळी ठरवलं होतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. तिचं लक्ष खोक्यांकडे होतं.

"मामा," मी म्हणाले, "सोडवा हिला."

मामा जागचे हलले नाहीत. "सोडंल की. पिल्लू सोडलं की सोडंल."

ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. खोकी चढली, तेरावं चढलं, फळी लागली. गाडी फाटकातून बाहेर पडली, धूळ उडाली, बसली, लोणंदचा आवाज वळणापलीकडे गेला. आक्काची मूठ तशीच होती.

मी खिशातलं पेन काढून घेतलं, एकेक बटण काढलं आणि अॅप्रन तिच्या हातात ठेवून ऑफिसात गेले.